हरभऱ्यात बसवलेली आफ्रिका

आमचे मालक कोणत्याही मुलखाबद्दल पहिला प्रश्न एकच विचारत. तिथं सकाळचं ऊन गाडीच्या कोणत्या बाजूनं येतं? देव कोणता, धर्मशाळा कशी, पाणी गोड की मचूळ, हे सगळं नंतर. ऊन डोळ्यावर आलं की माणूस डोळे मिटतो. आणि डोळेच मिटायचे तर घरी बसावं, एवढ्या लांब कशाला यावं, असं त्यांचं म्हणणं.

इचोड्याला हमरस्त्याला लागून त्यांचं आवार होतं. आवारात एक कडुनिंब, मोठाल्या पातेल्यांची एक खोली आणि यात्रेची एक बस. काशी, रामेश्वर, जगन्नाथपुरी. कापूस विकून झाला की आमच्या सीमेवरच्या गावांतली माणसं त्यांच्या बसनं देवाला निघत. बस मी चालवायचो. मी भीमपूरचा, चौथीपर्यंत शाळेत गेलेला. पण स्टेअरिंगवर बसलो की मला कोणी काही शिकवलेलं मी ऐकून घेत नव्हतो, अजूनही घेत नाही. या एका माणसाचं मात्र ऐकलं. काऊन ऐकलं, तेच सांगायचं आहे.

यात्रा निघायच्या आधी मालक रिकाम्या बसमध्ये चढत आणि एका एका सीटवर बसून पाहत. उगाच टेकून उठायचं नाही. नीट बसायचं, मान वळवायची, खिडकीतून पाहायचं, मग पुढची सीट. मी खाली टायरला टेकून बिडी ओढत राहायचो. एकदा चिडून म्हटलं, "मालक, सीटा काय आज नवीन बसवल्या का?"

ते आतूनच बोलले, "कोणत्या सीटवरून काय दिसत नाई, थे मले माहीत पाह्यजे. जे दिसते थे तं लोक सोताच पाहतीन."

नवरा-बायकोला ते कधी शेजारी बसू द्यायचे नाहीत. घरचं भांडण खिडकीबाहेर पाहू देत नाही म्हणायचे. खिडकी बाईला, पुरुष मधल्या बाजूला. पुरुष कुरकुर करायचे, तर म्हणायचे, "तुमी बजाराले जाता, तालुक्याले जाता, कचेरीत जाता. तिनं चुलीचा धूर सोडून काय पाह्यलं? सरका तिकडे."

आता आफ्रिका कुठून आली ते सांगतो.

आदिलाबादच्या कापूस बाजारात एक गुजराती शेठ होता, जिनिंगवाला. त्याच्या आईला गिरनारला नेण्याच्या बोलण्यासाठी मालक त्याच्या घरी गेले होते, मी गाडी घेऊन सोबत. शेठची बहीण दिवाळीला माहेरी आलेली. तिचं सासर आफ्रिकेत, अरुशा म्हणून शहर आहे तिथं. मुलं तिच्याभोवती गोळा झालेली आणि ती रानातल्या जनावरांच्या गोष्टी सांगत होती. वाघ-सिंहाच्या गोष्टीवर मालकांचं काही लक्ष नव्हतं, ते भजी खात होते. मग ती एका जनावराबद्दल बोलली. तोंड गाईसारखं, दाढी बोकडासारखी, शेपटी घोड्यासारखी. त्याचं खरं नाव मला अजून म्हणता येत नाही. आम्ही त्याला दाढीवाली गाय म्हणायचो. ती लाखांनी निघतात, म्हणाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती तीच.

मालकांच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

"इनको चराता कौन है?"

"कोई नहीं, काका."

"तो रास्ता कौन बताता है?"

"बारिश. जिधर बादल, उधर घास, उधर वो. साल भर में पूरा चक्कर लगाते हैं और फिर वहीं आ जाते हैं, बच्चे देने."

परतीच्या वाटेवर गुडीहत्नूर मागे गेलं. इचोड्याच्या आवारात गाडी लावली तरी मालक उतरेनात. मग म्हणाले, "गड्या, मी बसभर माणसं नेतो. संग आचारी, गडी, शिट्टी, लाल झेंडी. तरी प्रयागच्या गर्दीत एक बुढी हरवतेच. आन तिथं लाखानं जनावर निंगते. ना शिट्टी, ना झेंडी. बरोबर जाते, बरोबर येते." मग माझ्याकडे वळले. "थे मले पाहाचं हाय. या डोयानं पाहाचं हाय, मराच्या आधी."

मला वाटलं, चार दिवसांचं वेड आहे. पुढं दोन सालं त्या वेडानं आवारात दुसरं काही होऊ दिलं नाही.

शेठ त्यांच्यातर्फे बहिणीला कागद लिहायचा. मालकांचे प्रश्न ऐकून शेठ डोकं धरायचा. दुपारी गाडी उभी राहील तिथं झाडाची सावली कुठं पडते? वारा कुणीकडून? माणसाचा वास जनावराला जातो तर आमच्या लसणाच्या चटणीचा जाईल का? गाडीतून उतरायला बंदी आहे, मग बायामाणसांनी आडोशाला जायचं कुठं, आणि त्या जागेपर्यंत पोचायला किती वेळ? शेठ म्हणायचा, "काका, ये सब मेरी बहन से पूछूँ? जीजाजी क्या सोचेंगे?"

"जीजाजी को बोलो, बुढी औरत आनेवाली है. उनकी भी माँ होंगी."

बहिणीनं सगळं विचारून कळवलं. शेवटी लिहिलं होतं की इथं गोरे लोक येतात, मोठमोठे साहेब येतात, पण असं आजपर्यंत कोणी विचारलं नाही. मालकांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं नाही की मिशीत हसलेही नाहीत. म्हणाले, "सावलीचं काय लिवलं? थे पाह्य."

उत्तर आलं की ते आवारात चुन्याची रेघ ओढायचे. ही अरुशा, हा चढ, हे मोठं विवर, इथून गवत. मग त्या रेघेवर खुर्ची ठेवायचे आणि जितका वेळ गाडी चालणार तितका वेळ खुर्चीवर बसून राहायचे. खरंच बसायचे. सकाळी चहा घेऊन बसले की उन्हं डोक्यावर येईतो. रस्त्यावरून ट्रकवाले ओरडायचे, "काका, गाडी बंद पडली का? धक्का मारू?" ते नुसता हात वर करायचे. उठले की सांगायचे, "इथं कंबर धरते. या जागी लोकाइले दशमी द्याची. खाताना कंबर आठवत नाई." दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, जवसाची चटणी. सगळं त्यांनी कंबरेवर बसवलं, घड्याळावर नाही.

मोठी अडचण महिन्याची होती. शेठ सांगायचा, पाहण्यासारखं तर आषाढ-श्रावणात असतं. तेव्हा ही जनावरं मोठी नदी ओलांडतात, वरून उड्या टाकतात, खाली मगरी. सगळी दुनिया तेच पाहायला जाते.

मालक म्हणाले, "आषाढात आमचे लोग खेत में रहते. डवरे चालू, निंदण चालू. कापूस टाकके कौन आएगा?"

"तो पैसेवाले लोगों को ले जाओ, काका. नौकरीवाले."

मालक उठून उभे राहिले. "मायी माणसं पाह्यतीन नाई तं मी कायले पाहू?" ते मराठीतच म्हणाले. शेठला ते कळलं.

मग त्यांनी प्रश्न उलटा केला. कापूस विकला जातो, हात मोकळे होतात, त्या माघ महिन्यात ही जनावरं कुठं असतात? उत्तर यायला बराच वेळ लागला. माघात ती दक्षिणेकडच्या आखूड गवतावर असतात. तिथं पाहायला विशेष काही नाही. फक्त वितात.

"वितात? साऱ्याच?"

"सब की सब, काका. महीने भर में," शेठ म्हणाला.

मालकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "अरे, मंग आपल्या लोकाइले मगर कायले दाखवता? विणं दाखवा ना! विणं आपल्याले समजते."

तयार झाली ती आठ-नऊ मंडळी. बरी जमीन असलेले कास्तकार, त्यांच्या बाया. इचोड्याचा एक किराणावाला आणि त्याची बायको. आणि आमच्या भीमपूरची, सारं गाव जिला आत्या म्हणायचं ती, एकटीनं शेती करणारी. अडलेली गाय सोडवायची झाली तर चार गावं तिलाच बोलवायची. तिकडची एक माशी चावते आणि ती निळ्या-काळ्या कपड्यावर बसते, असं कागदात आलं होतं. बायांची निळी लुगडी रद्द झाली. पांढरं धोतर लांबून चमकतं, म्हणून मालकांनी गुळाच्या कढईत बाभळीची साल उकळली आणि सगळ्यांची धोतरं त्यात बुडवून मातीच्या रंगाची केली. कडुनिंबाखाली ती वाळत घातली तर येणारे-जाणारे विचारत, कोणता पंथ काढला म्हणून.

एवढं झाल्यावर ते सगळ्यांना तालमीला घेऊन गेले, आपल्याच कवालच्या जंगलात. पाणवठ्याजवळ बस उभी केली. थोड्या वेळानं चितळांचा कळप आला. काय सुंदर कळप! बसमधल्या साऱ्यांनी हात जोडले. किराणावाल्याच्या बायकोनं खिडकीतून कुंकू टाकलं. एकदोघांनी डोकं टेकवलं. आणि किराणावाला सुपारी कातरत म्हणाला, "झालं दर्शन. चला काका, पुढचं ठिकाण कोणतं?"

सगळे निघायच्या तयारीत. कळप अजून पाणी प्यायलाही लागला नव्हता.

मालकांनी कपाळाला हात लावला. रागावले नाहीत. म्हणाले, "चूक तुमची नाई, मायी हाय. इतके साल मी तुमाले देवळाइत नेलं. तिथं मागून धक्का, पुढून पुजारी म्हणते, चला चला. तुमाले वाटते पाहणं मंजे एवढंच. डोकं टेकलं, निंगा." मग एकदम आवाज चढला. "इथं कोणी ढकलून राह्यलं का? पाहा ना! पोटभर पाहा!"

पण सवय अशी एका दिवसात जात नाही. आणि आम्हा कास्तकारांची दुसरी एक सवय त्याहून जुनी. रानातलं जनावर दिसलं की ओरडायचं. रोही म्हणजे नीलगाय असो, डुक्कर असो, दिसलं की दगड, गोफण, हाकारा. पाहायचं असतं ते पीक. जनावर हाकलायचं असतं. कवालमध्येच एक जण चितळं पाहून सवयीनं "हाड हाड" करून बसला होता.

त्या तालमीनंतर आठवड्यानं मालक माझ्या घरी भीमपूरला आले. ओट्यावर बसले, चहा घेतला.

"तुया हरभऱ्यात रोही येतात ना?"

"येतात. मी हाकलतो."

"एक दिवस नको हाकलू."

मी कप खाली ठेवला. हरभरा घाट्यावर आलेला, दाणे भरत होते. मला वाटलं थट्टा आहे.

"मी साऱ्याइले तुया धुऱ्यावर आणून बसवतो," ते म्हणाले. "कोवळं ऊन पडल्यापासून. जो वरडला, ज्यानं टाळी वाजवली, जो उठला, थो आफ्रिकेले येणार नाई. मंग थो कोणी असो. आन आयक. तिथं माया संग माणसं सांभाळाले एक माणूस लागते. थो मले तूच पाह्यजे. पण तू रोही पाह्यला का गोफण उचलतं. तुया सोताच्या वावरात गप बसून दाखव. तिथं बसला तं कुठंबी बसशील."

घरातून बायको बोलली, दाराआडूनच, पण ऐकू येईल असं. "दुनियेचे नवरे रोही हाकलतात. मायावाला मोटारीत बसून त्याइले हरभरा खाताना पाह्यते मणे. बरं हाय बाई!"

मला नाही म्हणायचं होतं. पण "बसून दाखव" असं कोणी म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना रोग. म्हटलं, "आणा."

सकाळी दव होतं. बस धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभी, इंजिन बंद, सगळे आत मातीच्या रंगाच्या कपड्यांत. मी स्टेअरिंगवर, मालक माझ्या बाजूला. पैनगंगेकडच्या नाल्यातून रोही वर आले. पुढं निळा नर, मागं माद्या, दोन पिल्लं. नर थांबला. बसकडे पाहत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि माझा हरभरा खायला लागला.

सांगतो, अंगात आग पेटली. घाटे फुटायचा आवाज येत होता, कुडूम कुडूम. प्रत्येक आवाज माझ्या दातात वाजत होता. मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मागं किराणावाल्याचा अडकित्ता थांबला होता. आत्या डोळे न मिटता पाहत होती.

आणि मग, कधी ते नाही सांगता येणार, मी पाहायला लागलो. नराच्या खुरांवर पांढरी कडी असतात, चांदीचे वाळे घालावेत तशी. उन्हात त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती. एक मादी खाता खाता थांबायची, पिल्लाचा कान चाटायची, पुन्हा खायची. नर सगळा वेळ आमच्याकडे तोंड करून उभा. त्याचे डोळे ओले, मोठे, आमच्या बैलासारखे. मला समजायला लागल्यापासून मी रोह्यांच्या मागं धावलो होतो, आणि जन्मभर त्यांची पाठच पाहिली होती. तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ऊन चढलं. नाल्यातून आणखी एक कळप आला. धुऱ्याकडची सगळी पट्टी साफ झाली, नुसत्या काड्या राहिल्या. बसमध्ये हूं नाही की चूं नाही. मी बसलो होतो. मी बसूनच राहणार होतो, सगळं वावर गेलं असतं तरी.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मालक धोतर खोचून वावरात उतरले आणि दोन्ही हात वर करून ओरडत सुटले, "हाऽऽड! हाड! निंगा! निंगा तिकडे!" टाळ्या वाजवत, ढेकळांत अडखळत, म्हातारा माणूस हरभऱ्यात धावत होता. रोही उधळले, नाल्यात उतरले, गेले.

मालक वावराच्या मधोमध धापा टाकत उभे राहिले. वाकून एक खाल्लेलं झाड उचललं, पाहिलं, ठेवलं. मग हळूहळू परत आले.

मी खाली उडी टाकली. "मालक, काऊन उठले? मी बसलो होतो ना!"

"तू बसला होता," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता. "मले नाई बसवलं."

बसमध्ये चढून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी वरडलो. तवा मी येत नाई. बाकी सारे पास." मंडळी हसली. किराणावाला म्हणाला, "वा काका, परीक्षा घेणारा मास्तरच नापास!" आणखी हसले. मी हसलो नाही. मी या माणसाला ओळखत होतो.

एकदा जगन्नाथपुरीला त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की ठरल्या वेळी बस सुटेल, जो मागं राहील तो आपल्या खर्चानं पुढच्या मुक्कामाला येईल. वेळ झाली आणि मागं राहिले ते स्वतः. समुद्रावर कोळ्यांच्या होड्या कशा परततात ते पाहत बसलेले. मी वाट पाहिली तर मलाच शिव्या पडल्या असत्या, म्हणून बस काढली. मालक दुसऱ्या दिवशी रेल्वेनं, उभ्यानं प्रवास करून आले आणि पंगतीच्या मागं उभे राहून आचाऱ्याला विचारलं, "एका माणसाचं उरलं हाय का, महाराज?" बस त्यांची, पातेली त्यांची, आचारी त्यांचा.

म्हणून मला कळलं की हे खरं आहे. दोन साल आवारात खुर्चीवर बसून काढलेली आफ्रिका हा माणूस आता सोडणार. मी इचोड्याला गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "तुमी नाई तं मी बी नाई."

"मंग आत्याले कोण नेईल?"

"मले काय माहीत? तुमचा नियम, तुमी मोडा. तुमीच केला ना?"

"मीच केला मणून तं मोडता येत नाई बे."

"मंग राहू द्या आफ्रिका. पैनगंगा काय वाईट हाय?"

 ते सावकाश म्हणाले, "आन तुया हरभरा? थो फुकट खाल्ला का त्याइनं?"

 दोघंही ताठ माणसं, पण त्या दिवशी मी वाकलो.

मग त्यांनी सगळा प्रवास माझ्याकडून तोंडपाठ करून घेतला. मला वाचण्याचा कंटाळा, त्यांना ते माहीत. आम्ही चुन्याच्या रेघेवरून चालायचो. ते विचारायचे, "इथं?" मी सांगायचो, "इथं चढ, बायांना डाव्या बाजूला घ्यायचं, दरी तिकडं." "इथं?" "इथं दशमी." एका जागी रेघेवर काहीच खूण नव्हती. मी विचारलं, "मालक, या दिवशी काय?"

"या दिवशी काई नाई. तिथला ड्रायव्हर जिथं थांबवीन तिथं थांबाचं. मी सारे दिवस आखले, हा नाई आखला. हा दिवस त्या जनावराइचा हाय."

हैदराबादेत पासपोर्ट झाले, मुंबईत पिवळ्या तापाच्या सुया झाल्या, विमानात आत्यानं सगळी वाट डोळे मिटून माझा हात धरून ठेवला. नैरोबीहून मोटारीनं अरुशा. शेठची बहीण दारात उभी होती. मंडळी मोजून तिनं विचारलं, "काका कहाँ हैं?" मी म्हटलं, "वो पीछे से." दुसरं काय सांगणार?

आणि मग एक एक दिवस उलगडायला लागला. विवराकडे चढताना ऊन बरोबर उजवीकडे, बाया बरोबर डावीकडे, दरी त्यांच्या पुढ्यात. कंबर धरायला लागली की दशमीची वेळ. ते एकटं झाड, ज्याच्या आडोशाला बायांनी जायचं होतं, ते तिथंच उभं होतं. मला झाडाची भीती वाटली, खरं सांगतो. ज्यानं ते पाहिलं नाही त्यानं मला इचोड्याच्या चुन्यात त्याच्यापाशी नेऊन उभं केलं होतं.

न आखलेल्या दिवशी तिथल्या ड्रायव्हरनं आम्हाला गवतावर नेलं. काळाभोर, उंच माणूस. त्याची माझी भाषा एक नाही, पण क्लच सोडायची त्याची पद्धत पाहून मी त्याला मनात मानलं. त्यानं इंजिन बंद केलं. समोर मला नांगरलेली काळी जमीन दिसली, आपल्या कापसाच्या जमिनीसारखी, नजर संपेपर्यंत. मग ती जमीन हलली.

ती सगळी जनावरं होती. हूं, हूं, असा एक खोल आवाज चारी बाजूंनी येत होता, जमिनीतूनच आल्यासारखा. कोणी हात जोडले नाहीत. कोणी दर्शन झालं म्हटलं नाही. किराणावाल्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातली सुपारी तो विसरला होता.

गाडीच्या अगदी जवळ एक गाय बसली, उठली, पुन्हा बसली. आत्यानं माझा खांदा दाबला. तिला आधीच कळलं होतं. वासराचे पुढचे पाय बाहेर आले. आत्याचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर होते आणि गाय कळ देई तशी ती सीट ओढत होती. वासरू पडलं. ओलं, कसंतरी दुमडलेलं. आईनं चाटलं. ते उठलं, पडलं, उठलं, पडलं, आणि आमचा श्वास सुटायच्या आत आईच्या पोटाखाली चालायला लागलं. आमच्या गाईचं वासरू इतक्यात मान धरत नाही. आत्या रडत होती, ओठांवर बोट ठेवून.

मग तरस आला.

आई वळली, शिंगं खाली घालून त्याच्या अंगावर गेली. मागच्या बाजूनं दुसरा आला आणि त्यानं वासरू उचललं. बस, तेवढंच. माझ्या गळ्याशी हाकारा आला होता, पूर्ण आला होता. कोणीच ओरडलं नाही. मीही नाही. आई थोडा वेळ तिथं उभी राहिली, गवत हुंगलं, आणि मग चालणाऱ्या रांगेत शिरली. रांग एवढीशीसुद्धा थांबली नव्हती.

परत आलो तेव्हा मालक कडुनिंबाखाली वाटच पाहत होते. आधी माणसांचं विचारलं. कोणाचं पोट बिघडलं, कोणाचे पाय सुजले, आत्या विमानात भ्याली का. मग म्हणाले, "आता सांग."

मी जमीन हलली ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. वासराचं सांगितलं तर मांडीवर थाप मारून हसले, लहान पोरासारखे. "उठलं? इतक्यात उठलं?" पुन्हा सांगायला लावलं. मग मी तरसाचं सांगितलं.

हसू थांबलं. "आन तुमी?"

"कोणी नाई वरडलं, मालक."

"तू?"

"मी बी नाई."

रस्त्यावरून कापसाचे ट्रक जात होते. 

"मी वरडलो असतो," ते म्हणाले.

"वरडून काय झालं असतं? तरस काय सोडणार होता?"

"काई नाई झालं असतं. तरी वरडलो असतो. मले थे तुया हरभऱ्यातच कळलं. मी तिथं जाच्या लायक नव्हतो, गड्या. नियमाचं तं मी तुमाले नुसतं सांगाचं मणून सांगितलं." मग विचारलं, "थे माय मंग? रांगेत गेली?"

"गेली."

त्यांनी मान हलवली. टोपी सारखी केली. "पुढच्या माघात अजून लोक नेजो," म्हणाले. "तुया वावरात बसवूनच नेजो. आन आल्यावर मले सांगत जा. पण जन्मलेले सांगजो. गेलेले सांगू नको."

त्यानंतर मी अजून काही सालं जात राहिलो. गेलेली दर साली पाहिली. त्यांना जन्मलेलीच सांगितली.